भोंगाराणी

४ नोव्हेंबर

टिल्लू,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र तुझ्या प्रकाशकांकडे पाठवते आहे. तिथे कुणी मध्येच फोडून वाचलं तर खुशाल वाचू दे. मला काही लपवायचं नाही.

गेल्या शुक्रवारी मी निवृत्त झाले. बसस्थानकावरच्या त्या काचेच्या खोलीत बसून मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल हरवलंय. शेवटच्या दिवशी सत्कार झाला. कंट्रोलरसाहेबांनी भाषण केलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मग टेबलाखालून एक खोका काढला.

"मॅडम, हा खास तुमच्यासाठी. घरात स्वतःचा पुतळा नको का?"

खोका पुढून पारदर्शक. आत वीतभर उंचीची बाई. पांढरा अंबाडा, साखळीला लटकणारा चष्मा, हनुवटीवर तीळ, मरून स्वेटर. खांद्यावर भला थोरला भोंगा, बंदुकीसारखा रोखलेला. आणि स्वेटरच्या उजव्या कोपराला हिरवं ठिगळ. टिल्लू, ते ठिगळ मी लावलंय. मरून लोकर संपली होती म्हणून हिरव्याने भागवलं. जगात असा दुसरा स्वेटर नसेल.

खोक्यावर तुझ्या चित्रकथेचं नाव, खाली लिहिलेलं: "भोंगाराणी! सर्वांत भयंकर खलनायिका! पाठीवरचं बटण दाबा!" कंट्रोलरसाहेबांनी दाबलं. ती बाहुली किंचाळली, "थांब, मी सांगते!" पुन्हा दाबलं. "तुला काय म्हणायचंय ते कळलं मला!"

सगळा स्टाफ पोट धरधरून हसला. कँटीनवाली तर डोळे पुसत होती. मीही हसले. दुसरं काय करणार होते? मग एका ड्रायव्हरला जोर चढला. म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण डेपोत तुमचं नाव पहिल्यापासून भोंगाच आहे."

पहिल्यापासून. म्हणजे तू शाळा सुटल्यावर माझ्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चित्रं काढायचास, तेव्हाही. तुला माहीत होतं, आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुझा बाप, माझा भाऊ, कायमचा बोटीवर. घरी यायचा तो पाहुण्यासारखा. तुझी आजारपणं मी काढली, तुझ्या शाळेच्या पायऱ्या मी झिजवल्या. त्या आत्याला तू खोक्यात घालून बाजारात मांडलंस.

ते खेळणं ताबडतोब बंद कर, नाहीतर मी वकिलाकडे जाईन. तू म्हणशील, "ती तू नाहीसच, ती कल्पनेतली आहे." काय म्हणशील ते कळतं हो मला.

आत्या


१९ नोव्हेंबर

टिल्लू,

उत्तर नाही. ठीक आहे. वकिलाकडे मी गेले नाही. त्याच्यापुढे ते बटण दाबायची हिंमत झाली नाही.

त्याऐवजी पुस्तकांच्या दुकानात गेले आणि तुझे सगळे अंक घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" मी "हो" म्हणाले. खोटं बोलले.

चित्रं सुरेख आहेत. हे तुला कुणी ना कुणी सांगत असेलच, पण मी आधीपासून सांगत होते, आठवतं का? लोकांना मीच सांगायचे, "आमचा टिल्लू चित्रं फार छान काढतो." तू शेजारी उभा असायचास.

गोष्ट समजायला वेळ लागला. भोंगाराणी कुणाला मारत नाही, काही लुटत नाही. ती नुसती शेजारी येऊन उभी राहते. माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य ती पुरं करते, आणि ती म्हणेल तेच खरं होतं. तो आगीचा बंबवाला ओरडतो, "सगळ्यांनी बा..." आणि ती गोड हसून म्हणते, "बाजूला बसा." आणि जळत्या इमारतीत सगळे निमूट बाजूला बसतात. ते पान उलटताना माझा हात थांबला. तुझा नायक तेवढा तिच्या तावडीत सापडत नाही, कारण तो बोलतच नाही, भिंतींवर चित्रं काढून सांगतो.

तुझी बाजू कळली. आता माझी ऐक. तू बोलायला लागलास की लोक घड्याळ बघायचे. वाण्याच्या दुकानात तू "सा... सा..." करत उभा राहायचास आणि मागच्या रांगेतले खुसखुसायचे. मी "साबण" म्हणून मोकळी व्हायचे, की संपला विषय. तुझं हसं होऊ नये म्हणून. त्यात माझं काय पाप झालं? आणि खरं सांगायचं तर, तिथे उभं राहणं मलाही जड जायचं. कानकोंडं व्हायला व्हायचं. तुझ्यामुळे नव्हे. म्हणजे, तुझ्यामुळेच.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

सातवा अंक काल वाचला. त्यात एक दार आहे. दाराशी चपलांची फळी, तिच्यावर एक चप्पल उलटी पडलेली. दारात एक मुलगा, बाहेर जिन्यात पिशवी घेतलेली मुलगी. मुलगा म्हणतो, "था... था..." आणि आतून आवाज येतो, "थांबायला वेळ कुठाय तिला, गाडी चुकेल, जाऊ दे!" पुढच्या चित्रात नुसता जिना.

ते दार आपलं आहे. ती तुझ्या वर्गातली, परगावी शिकायला चालली होती, निरोप घ्यायला आली होती. मी आत भांडी घासत होते. तिची गाडी सहाची, आणि मला वेळापत्रक पाठ. मी बोलून गेले आणि पुढचं भांडं हातात घेतलं. अंक बघेपर्यंत मला तो प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. दोन महिन्यांनी तू घर सोडलंस, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की चित्रांच्या वेडापायी गेला. मलाही तसंच वाटत होतं. नक्की वाटत होतं का, ते आता सांगता येत नाही.

आत्या


३ डिसेंबर

टिल्लू,

तुझ्या शहरात रविवारी तुझा कार्यक्रम आहे, असं अंकाच्या मागच्या पानावर छापलंय. मी येते आहे. भेटायला नाही, घाबरू नकोस. शेवटच्या रांगेत बसेन, तुला बघेन आणि परत येईन. तू मंचावरून ओळखलंस तरी ओळख दाखवू नकोस.

एक शब्द बोलणार नाही. शपथ.

आत्या


१२ डिसेंबर

टिल्लू,

हे पत्र कसं सुरू करावं ते कळत नाही. तीन कागद फाडले.

मी मुद्दाम आले असं तुला वाटत असेल. आले मुद्दामच. पण तो स्वेटर मी थंडी होती म्हणून घातला होता, विश्वास ठेव. हॉलच्या दाराशी पोहोचले तर पुढे दहा-पंधरा भोंगाराण्या उभ्या! कॉलेजातल्या पोरी, एक दाढीवाला मुलगासुद्धा. कापसाचे अंबाडे, पुठ्ठ्याचे भोंगे. मी तोंड लपवून आत घुसणार, तर दारावरच्या मुलीने मला धरलंच.

"काकू, काय जमलंय! ठिगळसुद्धा! अंबाडा खरा आहे?"

"खरा आहे," मी म्हटलं.

तिने माझ्या छातीवर एक बिल्ला टाचला, एकतीस नंबरचा. मला वाटलं, आत जायला लागत असेल.

मी शेवटच्या रांगेत बसले. तू मंचावर आलास. दाढी ठेवली आहेस, तुला शोभते. खुर्चीवर तू अगदी त्या स्टुलावर बसायचास तसाच, एक पाय मुडपून बसलास. सूत्रसंचालक प्रश्न विचारत होता आणि तू उत्तरं देत होतास. अडखळत, थांबत, पुन्हा सुरू करत. आणि सगळा हॉल वाट बघत होता. कुणी खुसखुसलं नाही. मी आजूबाजूला नीट बघितलं. कुणीही घड्याळ बघत नव्हतं. बघत होते ती मी एकटीच.

मग पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "भोंगाराणी खरंच कुणी आहे का? आणि असली तर तुम्हाला तिचा राग येतो का?"

तू हातातलं पेन खाली ठेवलंस. माईक जवळ घेतलास. "ती... ती मा... मा..." म्हणालास. पुढच्या खुर्चीची पाठ मी घट्ट धरली. "ती माझी..." इथवर आलास आणि अडलास. तुझी मान ताणलेली मला शेवटच्या रांगेतून दिसत होती. आणि एक आवाज आला, खणखणीत, चार नंबरच्या फलाटापर्यंत पोहोचेल असा:

"माझी आत्या आहे, आणि राग येतो!"

मी उभी होते. कधी उठले ते माहीत नाही. तुझं एक उत्तर पुरं केलं ते केलंच, वर दुसरंही देऊन टाकलं.

मग जो काय गोंधळ उडाला! शिट्ट्या, टाळ्या, "भोंगाराणी आली, भोंगाराणी आली!" लोक खुर्च्यांवर चढून फोटो काढत होते. त्यांना वाटलं, ही गंमत तुम्हीच ठरवून आणलेली आहे. दोघीतिघींनी मला मिठ्या मारल्या. धरणीने पोटात घ्यावं असं ऐकत आले होते, त्या दिवशी तिला खरोखर विनवत होते. तू वळून बघितलंस आणि मला ओळखलंस. तुझ्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तू नुसता दमल्यासारखा दिसलास, आणि हळूच माईक बंद केलास.

तेवढ्यावर सुटले असते तरी चाललं असतं. शेवटी वेशभूषेच्या स्पर्धेचा निकाल लागला. "पहिलं बक्षीस, एकतीस नंबर!" मला ढकलत मंचावर नेलं. बक्षीस तुझ्या हातून. बक्षीस म्हणजे तुझी सही असलेली भोंगाराणी, खोक्यातली. माझ्यासारखं दिसण्याचा पहिला नंबर मला मिळाला, टिल्लू.

सूत्रसंचालकाने माझ्या तोंडापुढे माईक धरला. "भोंगाराणी, दोन शब्द!" आयुष्यात पहिल्यांदा माईकपुढे माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. तो म्हणाला, "अरेच्चा, भोंगाराणी गप्प!" लोक पुन्हा हसले.

परतीच्या गाडीत खोका मांडीवर घेऊन बसले होते. त्याच एका गोष्टीचा विचार करत होते. तू "माझी" म्हणालास आणि अडलास. पुढे "आत्या"च होतं कशावरून? "माझी चूक" असेल. "माझी गोष्ट आहे, तुम्हाला काय करायचंय" असंही असेल. आणखी एक शब्द असू शकतो, तू चार वर्षांचा असताना ज्याची जागा घरात रिकामी झाली तो. तो मी इथे लिहीत नाही. मनात आला याचीच लाज वाटते. तुझं तोंड मिटवून वर त्यातून माझ्यासाठी गोड काय निघणार होतं, याचा हिशेब करत बसले होते.

माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. ही मागितली असं समज. नाही, समजू नकोस. मी मागते आहे.

आत्या


८ जानेवारी

टिल्लू,

आणखी एक लाजिरवाणी गोष्ट. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी.

त्या दिवसाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. खेळण्यांच्या कंपनीतल्या एका बाईंचा काल फोन आला. भोंगाराणीची नवी आवृत्ती निघणार आहे, तिच्यात आताच्या नटीऐवजी नवा आवाज भरायचा आहे, आणि... त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी "हो" म्हणाले.

फोन ठेवला आणि आरशापुढे जाऊन "थांब, मी सांगते" असं चारपाच वेळा म्हणून बघितलं. हातवारे करून. कंट्रोलरसाहेबांना कसं सांगायचं, तेही ठरवलं. मग आरशात नीट बघितलं आणि पलंगावर जाऊन बसले.

तुला विचारायला हवं होतं. आवाज माझा असेल, पण ती बाई तुझी आहे. नको असेल तर तसं कळव. कागदाच्या चिटोऱ्यावर नुसतं "नको" लिहिलंस तरी पुरे. कारण विचारणार नाही.

आत्या


६ फेब्रुवारी

टिल्लू,

तू काल परत गेलास आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. समोरासमोर जे धड बोलता आलं नाही ते लिहून टाकते.

त्या मंगळवारी दार उघडलं आणि तू उभा होतास, तेव्हा मी "ये" सुद्धा म्हणाले नाही. बाजूला झाले. तू चपला काढून फळीवर ठेवल्यास, सरळ. मी चहा केला. कपाकडे बघत तू सुरुवात केलीस, "आत्या, ते रे... रेकॉर्डिंग..."

आणि मी म्हटलं, "नको करू म्हणतोस ना? नाही करत. उद्याच कळवते त्यांना."

जीभ चावली, पण बोलून झाल्यावर. तू मान हलवलीस. नाही. मग कप खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. चहावर साय धरली तोवर. "क... कर, असं म्हणायला आलो. ती न... नटी ओरडते. चूक आहे ते. तू क... कधीच ओरडली नाहीस."

मला बरं वाटलं, टिल्लू. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, तू माझी बाजू घेतोयस. भांडी विसळताना लख्ख कळलं तुला काय म्हणायचं होतं, आणि नळ तसाच वाहत राहिला. ओरडणाऱ्या माणसाला उलट ओरडता येतं. गोड बोलणाऱ्याला लहान पोर काय उत्तर देणार?

रेकॉर्डिंगची खोली बघून मला हसू आलं होतं. पुन्हा काचेची खोली, पुन्हा माईक. फक्त इथे बटण माझ्याकडे नव्हतं, काचेपलीकडे तुझ्याकडे होतं. त्या ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने मला समजावलं, "काकू, आम्ही बटण दाबून बोलत असलो की तुमचा आवाज इकडे येत नाही. आमचं संपलं की तुमचं सुरू." मी मान डोलावली. कानांना ते मोठे हेडफोन लावले.

मी पहिल्यांदा "थांब, मी सांगते" म्हटलं ते फलाटावरच्यासारखं. तू बटण दाबलंस. "आत्या, थो... थो..."

"थोडं मोठ्याने का?" मी म्हटलं.

तू बोलतच होतास. तुला ऐकूच गेलं नव्हतं. "थो... थोडं..."

"थोडं सावकाश?" मी पुन्हा. काचेतून माझे ओठ हलताना दिसले असतील, पण तू खाली टेबलाकडे बघत होतास. माझं बोलणं त्या खोलीतच राहिलं. मग मी बोलायची थांबले. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, उपयोग नव्हता म्हणून. आणि कानात, अगदी कानाच्या आत, तुझा श्वास ऐकू येत होता. शब्द अडतो तेव्हा तू श्वास घेतोस हे मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत त्या जागी मी नेहमी बोलत असायचे.

"थोडं ह... हळू," तू म्हणालास. "मला झो... झोपवताना बोलायचीस ना, त... तसं."

बटण सुटलं. मी डोळे मिटले आणि तुला झोपवताना बोलायचे तसं म्हटलं, "थांब, मी सांगते."

एकदाच म्हटलं. तू हाताने खूण केलीस, झालं. मग त्याने ते मला परत ऐकवलं. किती मायेचा आवाज होता! दिवा मालवून दार ओढून घेतल्यासारखा. मला तो बंद करावासा वाटला आणि बटण काचेपलीकडे होतं.

त्या मुलाने बाहेर आल्यावर मला पाणी दिलं. म्हणाला, "काकू, तुम्ही फार प्रेमळ बोलता. पण अंगावर काटा आला बघा." तू ऐकत होतास. तू त्याला काही समजावून सांगितलं नाहीस, त्याबद्दल मी तुझी आभारी आहे.

तिथल्या जिन्यात मला राहवलं नाही. मी विचारलंच. "त्या दिवशी हॉलमध्ये 'माझी' म्हणून अडलास. पुढे काय म्हणणार होतास?"

तू एक पायरी खाली होतास. वळलास. "न..." म्हणालास. मी कठडा धरला. खालून कुणीतरी सामान घेऊन वर येत होतं, आपण भिंतीला चिकटून त्याला वाट दिली. तो वरच्या वळणावर गेला तरी तुझं चाललेलंच होतं. "न... नाही सांगणार."

त्यात राग नव्हता. तू थोडासा हसलासही. मी पुढे काही विचारेन म्हणून थांबलास, आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतंस, हे तुझ्या तोंडावर दिसत होतं.

ऐकायची फार इच्छा होती. आजही आहे. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं, आणि ते तसंच राहणार.

"बरं," मी म्हटलं.

मग आपण खाली उतरलो. रस्त्यावर गर्दी होती. तू माझं कोपर धरून मला पलीकडे नेलंस.

तुझी आत्या